कन्नड ‘ऋणभार पत्र’ कसं वाचायचं: कर्नाटकात जमीन असलेल्या मराठी माणसासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या पट्ट्यात वडिलोपार्जित जमीन आणि माणसं मात्र पुण्यात, कोल्हापुरात, ठाण्यात, अशी मराठी घरं थोडी नाहीत. जमीन विकायची, वाटून घ्यायची किंवा तिच्यावर कर्ज काढायचं म्हटलं की बँक आणि वकील दोघेही आधी ईसी मागतात. ईसी म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट. हातात पडतो तो कागद कन्नडमध्ये असतो आणि माथ्यावर नाव असतं ‘ऋणभार प्रमाण पत्र’. कुणीतरी ते वाचून दाखवतं आणि आपल्याला वाटतं, कळलं की! ऋण म्हणजे कर्ज, भार म्हणजे ओझं. जमिनीवर कर्ज आहे की नाही, याचा हा दाखला.

या समजुतीपायी लोक दोन उलट्या चुका करतात. ईसीत पाच-सहा नोंदी दिसल्या की जमीन कर्जात बुडालेली आहे असं धरून घाबरतात. आणि एकही नोंद नाही असा कागद आला की डोळे मिटून इसार देतात. खरं तर हा कागद म्हणजे ठरावीक काळात त्या मिळकतीबद्दल दुय्यम निबंधकाच्या दप्तरात नोंदल्या गेलेल्या दस्तांची यादी. तुमच्या आजोबांनी केलेली साधी खरेदीसुद्धा त्यात ‘ऋणभार’ म्हणूनच येते. मालकी कुणाची, हे हा कागद सांगत नाही आणि जमीन निर्वेध आहे अशी हमीही देत नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाचा गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे ईसी मागायची पद्धत फारशी नाही. आपण इंडेक्स दोन (नोंदलेल्या दस्तांची सूची) काढतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो आणि सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना बघतो. नोंदणी कायदा १९०८ दोन्ही राज्यांना एकच, सूचीची पुस्तकंही त्याच कायद्याची. फक्त कर्नाटकात त्या सूचीचा उतारा सरकारी प्रमाणपत्र म्हणून मिळतो.

शब्दाचा अर्थ: कायद्यातला मोठा, कन्नडमधला अरुंद

एन्कम्ब्रन्स हा मुळात जुन्या फ्रेंचमधला, अडथळा या अर्थाचा शब्द. इंग्लंडच्या कोर्टात एके काळी फ्रेंच चालायची, तेव्हापासून तो तिथल्या कायद्यात आहे. मालकाचा हात मोकळा राहू न देणारा, दुसऱ्या कुणाचा तरी त्या मिळकतीवर असलेला हक्क, असा त्याचा आशय. गहाण त्यात येतं, तसा शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता येतो, भाडेपट्टा येतो, पोटगीपोटी ठेवलेला बोजाही येतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून हा शब्द आपल्याकडे रुजला. त्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, बोजासकट विकतो असं ठरलेलं नसेल तर विक्रीच्या वेळी मिळकतीवर असलेला सगळा भार फेडणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

कन्नडने त्यासाठी ‘ऋणभार’ हा शब्द घेतला. मराठी दस्तात आपण ‘बोजा’ म्हणतो. शिवाय ‘मिळकत निर्वेध व बिनबोजाची असून कसल्याही जडजोखमीत गुंतलेली नाही’ असं एक लांबलचक वाक्य असतंच. कन्नड दस्तात त्या जागी ‘ई स्वत्तिन मेले यावुदे ऋणभार इरुवुदिल्ल’ अशा थाटाचं वाक्य येतं. या मिळकतीवर कसलाही भार नाही, असा त्याचा अर्थ. कन्नड जोडशब्दात ‘ऋण’ पुढे उभं असल्यामुळे वाचणाऱ्याचं लक्ष कर्जावरच जातं. विकणाऱ्याने हे वाक्य लिहून दिलं म्हणजे रस्त्याचा हक्क, कूळ, बहिणीचा हिस्सा या गोष्टीही नाहीत असं त्याला म्हणायचं आहे का, हे त्याला तोंडी विचारा आणि दस्तात वेगळं लिहून घ्या. वकील थोडा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आधी मिळकतीची ओळख गोळा करा

अर्ज करण्यापूर्वी पुढची माहिती एका कागदावर लिहा: जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्वे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. होबळी हे तालुका आणि गाव यांच्या मधलं महसुली एकक; आपल्या मंडळासारखं. चतुःसीमेला कन्नडमध्ये ‘चक्कुबंदि’ म्हणतात. क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं (कन्नडमध्ये ‘गुंटे’), आणि ४० गुंठ्यांचा एकर हे गणित दोन्हीकडे सारखंच. हेक्टर-आरची सवय झालेल्यांनी घाईत रूपांतर करू नये, कागदावर आहे तसंच लिहावं.

ही माहिती मिळते ती ‘पहणि’ या उताऱ्यावरून. त्यालाच आरटीसी म्हणतात, आणि बेळगाव-धारवाडकडे तर सर्रास ‘उतारा’च म्हणतात. हा सगळा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे उतारा, तलाठी हे शब्द तिथल्या बोलण्यात अजून टिकून आहेत. ‘भूमी’ या सरकारी संकेतस्थळावर सर्वे नंबर टाकून पहणि बघता येते.

जुन्या कागदांवरच्या नावांकडे नीट बघा. निपाणी आता स्वतंत्र तालुका आहे, पण पूर्वी ती चिक्कोडी तालुक्यात होती. म्हणून आजोबांच्या दस्तावर तालुका चिक्कोडी दिसेल. बेळगावचं अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी झालं. सर्वे नंबरच्याही अशाच पिढ्या असतात: पूर्वी एकच नंबर, मग वाटणीत त्याचे हिस्से, मग त्या हिश्श्यांचे तुकडे. जुना आणि नवा, दोन्ही नंबर कागदावर लिहून ठेवा. का, ते पुढे येईलच.

किती वर्षांची ईसी मागायची

बँका १३, १५ किंवा ३० वर्षांची मागतात. हे आकडे अगदीच हवेतून आलेले नाहीत. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे मालकीच्या आधारावर ताबा मागण्याची मुदत १२ वर्षं, गहाणाची रक्कम वसूल करण्याची मुदतही १२ वर्षं, आणि गहाण सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षं. १२ अधिक एक म्हणून १३ची पद्धत पडली, आणि ३०चं कारण गहाण. कायदा बदलण्यापूर्वी ही गहाण सोडवण्याची मुदत ६० वर्षं होती.

माझं मत विचाराल तर घरच्या जमिनीसाठी ३० वर्षांच्या खाली उतरू नका. ताबेगहाण असेल तर तीसही पुरत नाहीत. ज्याच्या ताब्यात जमीन आहे आणि जो तिचं उत्पन्न खातो आहे, त्याच्याकडून ती सोडवून घेण्याचा हक्क केवळ गहाणाच्या तारखेपासून ३० वर्षं लोटली म्हणून संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे.

अर्ज कुठे आणि कसा

कर्नाटकाच्या नोंदणी व मुद्रांक खात्याचं ‘कावेरी’ हे संकेतस्थळ आहे. मोबाइल क्रमांकावर खातं उघडायचं, ईसीचा पर्याय निवडायचा, मिळकतीचा तपशील आणि ‘पासून-पर्यंत’ तारखा भरायच्या, फी भरायची, आणि डिजिटल सहीचा कागद उतरवून घ्यायचा. पडदा इंग्रजीत बदलता येतो, त्यामुळे इथवर भाषेची अडचण नाही.

अडचण तारखेची आहे. संगणकावरची नोंद साधारणपणे १ एप्रिल २००४ पासूनची मिळते. त्याआधीच्या वर्षांसाठी त्या भागाच्या ‘उप नोंदणी कचेरी’त, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात, अर्ज करावा लागतो. तिथे हाताने लिहिलेल्या सूची बघून ईसी देतात. म्हणजे ३० वर्षांची ईसी बहुधा दोन कागदांत मिळते. दोन्हींच्या तारखांमध्ये एका दिवसाचीही फट राहू देऊ नका.

याच जोडावर एक महत्त्वाची तारीख येते. हिंदू वारसा कायद्यातली २००५ची दुरुस्ती मुलींना जन्मापासून हिस्सा देते, पण २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने झालेल्या वाटणीला हात लावत नाही. तुमच्या घरची नोंदणीकृत वाटणी १९९८ची असेल, तर ती ऑनलाइन ईसीत दिसणार नाही आणि भाऊबहिणींचं भांडण मात्र नेमकं तिच्यावर अडेल. अशा वेळी हाताने केलेल्या शोधाला पर्याय नाही.

अर्ज एकाच वर्णनाने करून थांबू नका. अर्जदाराने दिलेल्या वर्णनावरून हा शोध घेतला आहे आणि दस्तात मिळकतीचं वर्णन वेगळं असेल तर तो व्यवहार यात येणार नाही, अशी सूचना प्रमाणपत्रावरच असते. ती बारीक अक्षरात असते म्हणून कुणी वाचत नाही. समजा आज जमीन १४२/२अ आहे, आणि १९९६ साली ती नुसती १४२/२ म्हणून गहाण पडली होती. तुम्ही १४२/२अ टाकून शोधलंत तर ते गहाण सुटेल. म्हणून मघाच्या कागदावरच्या प्रत्येक नंबराने एकेकदा शोध घ्या. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर आणि शहरात सिटी सर्वेचा नंबर, असं दोन्हीकडून बघा.

फॉर्म १५ आणि फॉर्म १६

उत्तर दोन नमुन्यांपैकी एकात येतं. फॉर्म १५ म्हणजे नोंदी सापडल्या. त्या खाली तक्त्यात आहेत. फॉर्म १६ म्हणजे त्या काळात त्या वर्णनाने एकही नोंद सापडली नाही. याला लोक ‘निल ईसी’ म्हणतात.

फॉर्म १६ बघून खूश होण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: विकणारा म्हणतो की त्याने ही जमीन २०११ साली विकत घेतली, मग २०११ची खरेदी तरी यात दिसायला हवी होती ना? ती दिसत नसेल तर एक तर शोधाचं वर्णन चुकलं आहे, नाहीतर विकणारा काहीतरी लपवतो आहे. कोरा कागद तेव्हाच पटण्यासारखा, जेव्हा जमीन त्या सगळ्या काळात एकाच घरात वारशाने चालत आली आहे.

ओळ वाचताना आधी दिशा बघा

फॉर्म १५च्या प्रत्येक ओळीत मिळकतीचं वर्णन, दस्ताची तारीख, दस्ताचा प्रकार आणि रक्कम, दोन्ही पक्षांची नावं आणि दस्त क्रमांक असतो. यातली नावं सर्वात आधी वाचा. मराठीत जसे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’, तसेच कन्नडमध्ये ‘बरेदुकोट्टवरु’ आणि ‘बरेसिकोंडवरु’. ‘कोट्ट’ आलं की देणारा, ‘कोंड’ आलं की घेणारा. एवढं लक्षात राहिलं तरी अर्धी ईसी वाचता येते.

पूर्ण दस्त वाचायचा असेल तर शब्दांच्या शेपट्या ओळखा. ‘-इंद’ म्हणजे ‘-कडून’, ‘-गे’ किंवा ‘-के’ म्हणजे ‘-ला’. ‘इवरिंद’ यांच्याकडून, ‘इवरिगे’ यांना. ‘-अल्लि’ म्हणजे आत, ‘-मध्ये’. आणि वाक्याचा शेवट कधीही सोडू नका, कारण कन्नडचा नकार क्रियापदाच्या टोकाला चिकटून येतो: ‘इरुत्तदे’ म्हणजे आहे, ‘इरुवुदिल्ल’ म्हणजे नाही. शेवटचं ‘इल्ल’ वाचायचं राहिलं तर ‘भार नाही’चं ‘भार आहे’ होतं.

आता दस्ताचे प्रकार. ‘क्रय पत्र’ म्हणजे खरेदीखत. बेळगावकडे ‘खरीदि पत्र’ही ऐकू येतं. ‘क्रयद करारु’ म्हणजे साठेखत. ही नोंद फार धोक्याची, कारण जुना करार नोंदवून कुणी पैसे देऊन बसला असेल आणि पुढे खरेदी झाली नसेल, तर तो माणूस कधीतरी उभा राहू शकतो. ‘दान पत्र’ म्हणजे बक्षीसपत्र. ‘विभाग पत्र’ म्हणजे वाटणीपत्र. सरकारी विभागाशी त्याचा संबंध नाही. ‘हक्कु बिडुगडे पत्र’ किंवा ‘हक्कु खुलासे पत्र’ म्हणजे हक्कसोडपत्र. ‘गुत्तिगे’ म्हणजे भाडेपट्टा किंवा खंडाने दिलेली जमीन. ‘तिद्दुपडि पत्र’ म्हणजे चूकदुरुस्ती पत्र.

गहाणासाठी ‘अडमान’ हा आजचा शब्द आणि ‘आधार पत्र’ हा जुन्या दस्तांत सापडणारा. दस्तात ‘आधार’ दिसलं की मराठी डोळ्याला ओळखपत्र आठवतं; इथे तो गहाणाचा कागद आहे. ‘भोग्य’ म्हणजे ताबेगहाण: सावकार जमिनीचं उत्पन्न व्याजापोटी खातो, जमीन मात्र मालकाचीच. बंगळूरकडे मोठी रक्कम एकदम देऊन बिनभाड्याने घर घेतात, त्यालाही भोग्यच म्हणतात, तेव्हा मिळकत शेत आहे की घर ते बघून अर्थ लावा.

सारखे दिसून फसवणारे शब्द आणखीही आहेत. ‘साल’ म्हणजे कन्नडमध्ये कर्ज. गंमत म्हणजे वर्षासाठीही मिळताजुळता ‘सालु’ आहेच, फरक शेपटीत: ‘सालद’ म्हणजे कर्जाचं, ‘सालिन’ म्हणजे त्या वर्षीचं. ‘पौति’ बघून पावती समजू नका. तो आपल्या ‘फौत’चा भाऊ आहे आणि ‘पौति खाते’ म्हणजे खातेदार वारल्यावर वारसांची नावं लावण्याचा फेरफार. ‘खुलासे’ म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, सुटका. ‘मोत्त’ म्हणजे रक्कम, ‘विस्तीर्ण’ म्हणजे क्षेत्रफळ, ‘स्वत्तु’ म्हणजे मिळकत. ‘स्वाधीन’ म्हणजे ताबा.

हाताने लिहिलेल्या जुन्या ईसीत आकडे कन्नड लिपीत असू शकतात. त्यातल्या ६ आणि ९ची गफलत सहज होते. सर्वे नंबर आणि रक्कम कन्नड वाचणाऱ्या दोघांकडून वेगवेगळी वाचून घ्या. १९५६ पूर्वीचे मूळ दस्त मात्र बरेचदा मराठीत, मोडी लिपीतही निघतात; तेव्हा कन्नड जाणणाऱ्याऐवजी मोडी वाचक शोधावा लागतो.

साखळी मांडा

एक कोरा कागद घ्या आणि ईसीतल्या नोंदी जुन्याकडून नव्याकडे लिहून काढा. प्रत्येक ओळीत कुणाकडून, कुणाला, काय, किती क्षेत्र. आजच्या दस्तातला देणारा हा आदल्या कुठल्यातरी दस्तातला घेणारा असायला हवा, किंवा त्याचा वारस. जिथे हा सांधा जुळत नाही तिथे पेन्सिलीने गोल करा.

मग गहाणांच्या जोड्या लावा. १५ मे २००९चं अडमान, बँकेच्या नावाने. पुढे कुठेतरी त्याच बँकेने लिहून दिलेलं बिडुगडे पत्र, म्हणजे गहाण सोडल्याचा दस्त, दिसतं का? दिसलं तर दोन्हींवर काट मारा. नाही दिसलं तर कर्ज अजून उभं आहे असं लगेच धरू नका. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये एक पळवाट आहे, म्हणजे चांगल्या अर्थाने: गहाणखताच्या पाठीवर ‘रक्कम पावली’ असा शेरा मारला तर त्याची नोंदणी सक्तीची नाही. पूर्वीचे सावकार आणि काही सोसायट्या असंच करायच्या. कर्ज फिटलं, दस्त परत मिळाला, पण सरकारी सूचीत ते गहाण कायमचं उघडं राहिलं. म्हणून घरातली जुनी ट्रंक उघडा, मूळ गहाणखत शोधा आणि ते उलटं करून बघा.

जुन्या कागदांत ‘मुदत खरेदी’ असेल तर तिच्याकडे वकिलाला नीट बघायला सांगा. ठरल्या मुदतीत पैसे दिले तर जमीन परत, अशी अट असलेली ही विक्री खरं गहाणही असू शकते. १९२९च्या दुरुस्तीनंतर मात्र ती अट त्याच दस्तात लिहिलेली असली तरच ते गहाण मानलं जातं. वेगळ्या कागदावरची अट चालत नाही.

पेन्सिलीने गोल केलेल्या आणि काट न बसलेल्या प्रत्येक ओळीच्या दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. ईसीतली ओळ म्हणजे नुसता सारांश. अटी, मुदती, रस्त्याचे हक्क, पाण्याची पाळी हे सगळं दस्ताच्या पोटात असतं. कन्नडमध्ये तिला ‘दृढीकृत नकलु’ म्हणतात. मिळकतीच्या दस्तांची सूची कुणालाही बघता येते आणि नक्कलही कुणालाही मागता येते, त्यासाठी मालक असण्याची गरज नाही. ‘तुमचा संबंध काय’ असं कुणी विचारलं तर नोंदणी कायद्याचं कलम ५७ सांगा, तेही नम्रपणे.

पहणिशी ताडून बघा

ईसी नोंदणी खात्याची, पहणि महसूल खात्याची. दोन्हींचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही. पहणिच्या रकाना ९ मध्ये खातेदाराचं नाव, १० मध्ये ते नाव कोणत्या फेरफाराने लागलं याचा निर्देश, ११ मध्ये इतर हक्क आणि ‘ऋणगळु’ म्हणजे देणी, आणि १२ मध्ये कसणारा व पीक.

पीककर्ज बरेचदा ईसीत न दिसता इथे रकाना ११ मध्ये दिसतं. ‘प्राथमिक कृषि पत्तिन सहकारि संघ’ असं लांब नाव आलं तर ती गावची सोसायटीच. ‘पत्तिन’ म्हणजे पतीची, पतपुरवठ्याची. उत्तर कर्नाटकात या नोंदीला बोलताना ‘बोजा’च म्हणतात, त्यामुळे तलाठ्याशी बोलताना तुमचं काम मराठीतच भागून जाईल. रकाना ११ मध्ये कोर्टाचा मनाई हुकूम किंवा भूसंपादनाची नोंदही सापडू शकते. ती सापडली तर पुढचं सगळं थांबवून आधी तिचा छडा लावा.

फेरफाराला ‘हक्कु बदलावणे’ म्हणतात. रकाना १० मधल्या क्रमांकाचा फेरफार उतारा काढा आणि तो ईसीतल्या दस्ताशी जुळतो का बघा. फेरफार वारसाचा असेल तर ईसीत काही नसणं स्वाभाविक आहे. मात्र वारसांची सगळी नावं लागली आहेत का, हे गावात विचारूनच कळतं.

ईसीत जे कधीच दिसत नाही

मृत्युपत्र (कन्नडमध्ये ‘उयिलु’ किंवा ‘मरण शासन’) वेगळ्या पुस्तकात नोंदतात, म्हणून ते ईसीत येत नाही. तोंडी वाटणी, बिननोंदणीचं साठेखत, घरातल्या घरात झालेली समजूत हे तर कुठेच नोंदलेलं नसतं. कोर्टात चालू असलेला दावा ईसीत सहसा दिसत नाही, पण दावा चालू असताना जमीन घेतली तर निकाल घेणाऱ्यालाही बांधून ठेवतो. त्यासाठी तालुका आणि जिल्हा कोर्टाच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने शोध घ्या. नावाची स्पेलिंगं बदलून दोन-तीनदा घ्या. मराठी आडनावांची कन्नडमार्गे इंग्रजीत काय गत होते, ते बेळगावकरांना सांगायला नको.

मूळ दस्त बँकेत नुसते ठेवून काढलेलं कर्ज हा आणखी एक प्रकार. कागद ठेवून घेतला, तेवढ्याने गहाण झालं. नोंदणी नसली तरी ते कायदेशीर. याला उपाय म्हणजे विकणाऱ्याकडे मूळ खरेदीखत मागणं. ‘हरवलं’, ‘भावाकडे आहे’, ‘झेरॉक्स घ्या ना’ ही उत्तरं आली की सावध व्हा. बँकांनी ठेवलेल्या तारणाची नोंद २०११ पासून केंद्र सरकारच्या सेरसाई या नोंदवहीत होते. थोडी फी भरून तिथेही शोध घेता येतो.

आणि कर्नाटकाचे स्वतःचे दोन मोठे अडथळे. १ मार्च १९७४ रोजी कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि मग कुळांना मिळाल्या. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर काही वर्षांचं बंधन होतं. दुसरा, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने दिलेल्या जमिनी. १९७८च्या कायद्याने त्यांच्या विक्रीवर कडक निर्बंध आहेत आणि नियम मोडून झालेली विक्री रद्द होऊन जमीन मूळ घरात परत जाऊ शकते. यातलं काहीही ईसी सांगणार नाही. जमीन मुळात कशी मिळाली, याचा सर्वात जुना फेरफार काढून बघणं एवढाच उपाय. इंग्रजी कायद्याच्या मोठ्या अर्थाने हे सगळे एन्कम्ब्रन्सच आहेत. फक्त ते ऋणभार पत्रात मावत नाहीत.

भार काढायचा कसा

घरच्या जमिनीवर फिटलेल्या कर्जाची नोंद राहिली असेल तर विक्रीच्या घाईत नव्हे, आत्ताच काढा. बँकेकडून किंवा सोसायटीकडून कर्ज फिटल्याचं पत्र घ्या. गहाण नोंदणीकृत असेल तर बँकेच्या माणसाला उप नोंदणी कचेरीत आणून बिडुगडे पत्र नोंदवा. तशी नोंदणीकृत पोच मागण्याचा हक्क कर्जदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेच दिला आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. रकाना ११ मधली नोंद काढण्याचा अर्ज वेगळा, तो महसूल खात्याकडे. एकाकडचं काम झालं म्हणजे दुसऱ्याकडचं आपोआप झालं, असं धरून चालू नका. सावकार वारला असेल आणि गहाणखतावर शेराही नसेल, तर त्याच्या वारसांकडून बिडुगडे पत्र घ्यावं लागतं. ते तयार नसतील तर कोर्ट.

तारीख आणि शेवटची ईसी

ईसीत लिहिलेल्या शेवटच्या तारखेनंतर काय घडलं, ते तिला माहीत नसतं. इसार देताना एक आणि खरेदीच्या आदल्या दिवशी पुन्हा एक काढा. फी किरकोळ आहे. जमीन घेणारे तुम्ही असाल तर नोंदणी झाल्यावर काही दिवसांनी तिसरी काढा. तुमचं नाव बरेसिकोंडवरु म्हणून आलं आहे का, सर्वे नंबर, हिस्सा आणि गुंठे बरोबर आहेत का, ते बघा. संगणकावर दुसरा हिस्सा नंबर पडल्याचं आढळलं तर चूक कुठली ते आधी ठरवा. दस्त बरोबर आणि नोंदच चुकलेली असेल तर कचेरीकडे लेखी अर्ज पुरेल. पण चूक दस्तातच असेल तर तिद्दुपडि पत्र करावं लागेल, आणि त्यावर विकणाऱ्याचीही सही लागते. तो अजून फोन उचलतो आहे तोवर ते उरकून घ्या.